आवड कुठे सापडते? प्रॉव्हिडन्सच्या 'द मेट' शाळेचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड या सगळ्यांत लहान राज्यात, प्रॉव्हिडन्स शहरात, एक सरकारी हायस्कूल आहे. मंगळवारी आणि गुरुवारी त्याचे वर्ग जवळजवळ ओस असतात. मुलांनी दांडी मारलेली नसते. कुणी जनावरांच्या दवाखान्यात गेलेलं असतं, कुणी वकिलाच्या कचेरीत, कुणी बेकरीत, कुणी आर्किटेक्टच्या ऑफिसात. वेळापत्रकातच ते दोन दिवस गावात काम शिकायला राखून ठेवलेले आहेत. उरलेले तीन दिवस मुलं शाळेत येतात आणि गावात जे पाहिलं, जे केलं, जिथे अडलं त्याचा अभ्यास करतात. शाळेचं कागदावरचं नाव मेट्रोपॉलिटन रीजनल करिअर अँड टेक्निकल सेंटर, पण सगळे तिला 'द मेट' म्हणतात. १९९६ साली पन्नासेक मुलांवर ती सुरू झाली.

मी या शाळेपर्यंत पोचले ती एका मुलाच्या प्रश्नामुळे. २०१६ पासून काही वर्षं आपल्या राज्य मंडळानं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. मी तेव्हा दहावीला गणित शिकवत होते. निकालाचा कागद घेऊन एक मुलगा आला आणि म्हणाला, "बाई, माझा कल गणवेशधारी सेवा आलाय. म्हणजे आता मी काय करायचं?" त्याच्या ओळखीपाळखीत पोलिसात किंवा सैन्यात कुणीच नव्हतं. त्यात आपल्याला काही आवडतं असं त्याला स्वतःलाही वाटत नव्हतं. कागदानं त्याला त्याची आवड सांगितली होती, आणि ती समजून घ्यायला तो माझ्याकडे आला होता. मला काही सांगता आलं नाही.

आवड मुलाच्या आत तयारच असते, नीट प्रश्न विचारले की ती बाहेर येते, असं आपण धरून चालतो. मेटचा अनुभव वाचत गेले तसं माझं हे गृहीतक सुटत गेलं. आवड घडते. ती मोठ्या माणसांच्या सोबतीनं, खऱ्या कामाच्या जागी, बऱ्याच चुकीच्या सुरुवातींनंतर घडते. आणि ती घडू द्यायची तर शाळेला आपलं जवळजवळ सगळं बदलावं लागतं. मेटनं ते कसं बदललं, त्यातलं काय साधलं आणि काय अडलं, ते इथे मांडते.

शाळा उभी राहिली त्याची हकीकत

नव्वदच्या दशकाच्या मध्याला ऱ्होड आयलंडच्या मतदारांनी प्रॉव्हिडन्समध्ये तंत्रशिक्षणाचं नवं हायस्कूल बांधण्यासाठी जवळपास ३ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. प्रॉव्हिडन्स हे एके काळी कापड गिरण्यांचं आणि नकली दागिन्यांच्या कारखान्यांचं शहर. कारखाने एकेक करून बंद पडत गेले. मुंबईच्या गिरणगावाच्या कहाणीशी ओळख असलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. अशा शहरात कोणते धंदे शिकवायचे? आज वेल्डिंगची कार्यशाळा बांधली तर दहा वर्षांनी वेल्डर लागतील का? राज्याचे तेव्हाचे शिक्षण आयुक्त पीटर मॅकवॉल्टर्स यांच्या पाठिंब्यानं हा प्रश्न डेनिस लिट्की आणि एलियट वॉशर या दोघांकडे आला. दोघं तेव्हा प्रॉव्हिडन्सच्याच ब्राउन विद्यापीठातल्या अॅनेनबर्ग इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होते.

लिट्की काही कोरे गृहस्थ नव्हते. १९८१ पासून ते न्यू हॅम्पशायरमधल्या विंचेस्टर या छोट्या गावात थेअर हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. तिथे त्यांनी मुलांना गावातल्या कामांवर पाठवायला सुरुवात केली होती आणि प्रत्येक शिक्षकाकडे थोडी थोडी मुलं सोपवली होती. १९८६ साली शाळा समितीनं त्यांना काढायचं ठरवलं. प्रकरण कोर्टात गेलं, गावात दोन तट पडले, आणि नंतरच्या निवडणुकीत समितीचीच माणसं बदलली. लिट्की राहिले. वॉशर हे त्यांचे थेअरमधलेच सहकारी. तेव्हा प्रॉव्हिडन्सला आले ते दोघं शाळेची घडी मोडली की काय होतं हे एकदा अंगावर घेऊन आलेले होते. १९९५ मध्ये त्यांनी 'बिग पिक्चर' नावाची ना-नफा संस्था काढली आणि पुढच्या वर्षी मेट उघडली.

कोणते धंदे शिकवायचे या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर असं होतं: कुठलाच एक धंदा नेमायचा नाही. शाळेत यंत्रं मांडून कार्यशाळा करायची नाही, अख्खं शहर हीच कार्यशाळा. आणि शाळाही लहान लहान. एकेका शाळेत १२० च्या आसपास मुलं. मुलं वाढली की त्याच शाळेत कोंबायची नाहीत, शेजारी दुसरी छोटी शाळा काढायची. मुलं बहुतेक शहरातल्याच गरीब वस्त्यांतली, लॅटिनो आणि कृष्णवर्णीय घरांतली जास्त. निम्म्याहून अधिक मुलं अशा घरांतली की ज्यांना शाळेत मोफत किंवा सवलतीच्या दरात जेवण मिळतं.

एका मुलीचा अभ्यासक्रम

मेटमध्ये विषयांचे तास नाहीत. पंधरा-सोळा मुलांचा एक गट असतो. त्याला 'अॅडव्हायझरी' म्हणतात. त्याचा एकच शिक्षक, तो 'अॅडव्हायझर'. साधारणपणे नववीत जमलेला गट बारावीपर्यंत त्याच माणसाकडे. आपल्याकडचा वर्गशिक्षक हजेरी घेतो, सहलीचे पैसे गोळा करतो आणि दरवर्षी बदलतो. हा माणूस मुलाच्या घरी जातो, चार वर्षं त्याला वाढताना पाहतो. दर तीन महिन्यांनी मूल, पालक, अॅडव्हायझर आणि कामाच्या जागेवरचा मेंटॉर एकत्र बसून त्या एका मुलापुरता अभ्यासाचा आराखडा ठरवतात. 'एका वेळी एक विद्यार्थी' हे शाळेचं ब्रीद भिंतीवर लावण्यापुरतं नाही, कारण सोळा मुलांचे सोळा अभ्यासक्रम खरोखरच वेगळे असतात.

हे प्रत्यक्षात कसं घडत असेल ते एका कल्पित मुलीच्या निमित्तानं पाहू. समजा ती नववीत आली आहे. आईवडील डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेले, घरात स्पॅनिश. तिला विचारलं, काय आवडतं? ती म्हणते, काही नाही. नववीतल्या मुलांचं हे सगळ्यांत प्रामाणिक उत्तर असतं, आणि मेट त्याच उत्तरापासून सुरुवात करते. पहिले काही आठवडे ती 'मी कोण' यावर काम करते. घरच्यांच्या मुलाखती, आपल्या वस्तीचा इतिहास, स्वतःबद्दलचं लेखन. त्यातून कळतं की आजीला मधुमेह आहे, तिची इंजेक्शनं हीच मुलगी देते, आणि दवाखान्यातून मिळालेला आहाराचा तक्ता आजीच्या काही कामाचा नाही, कारण त्यात भात आणि राजमा नाहीच. अॅडव्हायझर इथे थांबतो. ही आवड आहे का? नाही. हा एक धागा आहे.

आता तिला फोन करायचा आहे. मधुमेहाच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंना. स्वतः. शिक्षकानं चिठ्ठी देऊन पाठवणं नाही. काय बोलायचं ते लिहून, गटात सराव करून, मग फोन. आधी नुसती मुलाखत: तुम्ही हे काम कसं धरलं, त्यात कंटाळवाणं काय, काय शिकावं लागलं. मग एक दिवस बाईंच्या सावलीसारखं मागे मागे फिरायचं. दोघींचं जमलं तर आठवड्यातले दोन दिवस तिथे उमेदवारी. नाही जमलं तर पुन्हा फोन, दुसरी जागा. नववीतल्या पुष्कळ मुलांची पहिली जागा टिकत नाही. शाळा त्याला अपयश धरत नाही. जनावरांच्या दवाखान्यात गेलेल्या मुलाला रक्त बघवत नाही हे कळणं, ही शाळेच्या लेखी कामाची माहिती असते.

जमलं तर मग प्रकल्प. अट एकच: त्या जागेला त्याचा खरा उपयोग झाला पाहिजे. समजा ही मुलगी डॉमिनिकन जेवणासाठी दोन भाषांतला आहार-तक्ता तयार करते. त्यासाठी तिला वाटीभर भातात किती कर्बोदकं ते मोजावं लागतं, साखरेच्या नोंदींची सरासरी आणि चढउतार काढावे लागतात, आलेख वाचता यावे लागतात. बदललेल्या जेवणानं खरोखर फरक पडतो का, हे तपासायचं कसं, याचा विचार करावा लागतो. स्थलांतरित वस्त्यांत हा आजार जास्त का, ही चौकशी समाजशास्त्रात नेते. मेट शिकण्याची पाच ध्येयं मानते: पुराव्यावर आधारलेला विचार, संख्यांचा विचार, संवाद, समाजाचा विचार आणि माणूस म्हणून लागणारे गुण. विषयांच्या जागी ही पाच. अॅडव्हायझरचं कौशल्य हे की प्रकल्प कोणत्या ध्येयाकडे लंगडा पडतोय ते ओळखून तिथे मुलीला ढकलणं.

तिमाहीच्या शेवटी 'एक्झिबिशन'. भिंतीवर तक्ते लावून पाहुण्यांना फिरवणं असा त्याचा अर्थ नाही. ती उभी राहते आणि तासभर आपलं काम मांडते. समोर अॅडव्हायझर, आई, मेंटॉर, गटातली मुलं. कुणीही काहीही विचारू शकतं. मार्क नाहीत, टक्के नाहीत. नंतर अॅडव्हायझर काही पानांचं वर्णन लिहितो: काय केलं, कुठे कमी पडली, पुढे काय. अकरावी-बारावीला पोचेपर्यंत तिला स्वतःचं पंच्याहत्तर पानांचं आत्मचरित्र लिहायचं असतं आणि बारावीत एक मोठा प्रकल्प तडीला न्यायचा असतो. तोपर्यंत ती आहारतज्ज्ञ व्हायचं ठरवेल किंवा ठरवणारही नाही. चार वर्षांत ती तीन-चार निरनिराळ्या कामांच्या जागी गेलेली असेल. 'काही नाही' म्हणणाऱ्या मुलीला आता निवडायला हातात काहीतरी आहे.

माझ्या त्या विद्यार्थ्याला हेच मिळालं नव्हतं. डॉक्टरच्या मुलीला दवाखाना लहानपणापासून आतून दिसतो. वकिलाच्या मुलाला कोर्टाची भाषा जेवणाच्या ताटावर कानी पडते. बाकीच्या मुलांना काम करणारी माणसं दिसतात ती काउंटरच्या पलीकडून. ज्याला जग दिसलंच नाही त्याला आवड विचारणं हा मला आता अन्याय वाटतो.

उमेदवारी आणि जात

आपल्याकडे कामातून शिकणं नवं नाही, असं इथे कुणी म्हणेल. खरंच आहे. पण सुताराच्या पोरानं सुतारकी आणि चांभाराच्या पोरानं चामड्याचं काम, ही आपली उमेदवारी होती, आणि ती मुलाची आवड न विचारता जन्मानं ठरत होती. १९३७ मध्ये वर्ध्यात गांधीजींनी नई तालीम मांडली तेव्हापासून हस्तोद्योगाच्या शिक्षणाबद्दल एक रास्त शंका घेतली जाते: गरिबांच्या पोरांना हातकाम आणि वरच्यांच्या पोरांना पुस्तक, असं तर होणार नाही ना? अमेरिकेतही तीच शंका होती. तंत्रशिक्षणाचे वर्ग म्हणजे कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित मुलांना कॉलेजच्या वाटेवरून बाजूला काढायची जागा, असा तिथला जुना अनुभव.

मेटनं या शंकेला दिलेलं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. मूल आपल्या घरच्या धंद्यातच जाणार नाही, ते अनोळखी माणसाच्या कामाच्या जागी जाईल, आणि काम शिकतानाच कॉलेजसाठी अर्जही करेल. गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली असलेला मुलगाही अर्ज करणार, आणि कोर्टात टिपणं काढणारी मुलगीही. २००० साली पहिली तुकडी बाहेर पडली तेव्हा त्यातल्या सगळ्यांना कॉलेजात प्रवेश मिळालेला होता. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणारी मुलं त्यात पुष्कळ होती.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाची इथे आठवण होते. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातून बाहेर पडून १९८३ मध्ये तिथे गेले आणि त्यांनी गावाला खरोखर लागणाऱ्या कामांतून, म्हणजे वायरिंग, बांधकाम, शेती, आरोग्यतपासणी यांतून शिक्षण उभं केलं. शिकणाऱ्याच्या कामाचा गावाला उपयोग झाला पाहिजे ही अट दोन्हीकडे सारखी. फरक असा की पाबळला प्रत्येक मूल ठरावीक चार विभागांतून जातं, हाताला सगळंच लागतं. मेटला प्रत्येकाची वाट निराळी. खेड्यातल्या मुलासाठी मला पाबळची रीत जास्त जवळची वाटते. शहरात, जिथे फोन करावा अशा शेकडो कचेऱ्या आणि दुकानं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, तिथे मेटची.

गणित

आता जिथे दुखतं तिथे येते. गणित ही मेटची पहिल्यापासूनची दुखरी जागा आहे. राज्याच्या परीक्षा मेटच्या मुलांनाही द्याव्याच लागतात, आणि वाचन-लेखनाच्या मानानं गणितात ही मुलं मागे पडत आली आहेत. मी गणिताची शिक्षिका असल्यामुळे हे मला वरवर सोडून देता येत नाही.

कारण उघड आहे. बेकरीत गुणोत्तर येतं, शेकडेवारी येते, नफातोटा येतो. गॅरेजमध्ये गिअरच्या दातांचं प्रमाण येतं. मधुमेहाच्या दवाखान्यात सरासरी आणि आलेख. पण वर्गसमीकरण कुठल्याच बेकरीत दाराशी उभं राहत नाही. त्रिकोणमिती आर्किटेक्टच्या ऑफिसात येते, पण तीही तिथल्या सॉफ्टवेअरच्या पोटात लपलेली असते. शिवाय गणिताच्या पायऱ्या एकावर एक उभ्या असतात. अपूर्णांक कच्चे राहिले तर बीजगणित उभं राहत नाही. आवडीनं धरलेला प्रकल्प मात्र कुठूनही सुरू होतो आणि कुठेही संपतो. इतिहासात हे चालतं, भाषेत तर उत्तम चालतं. गणितात भोकं राहतात. त्यात सगळे विषय एकाच अॅडव्हायझरनं सांभाळायचे, आणि हे अॅडव्हायझर बहुधा गणिताचे नसतात.

शाळेनं यावर वेळोवेळी उपाय केले. गणितासाठी वेगळा वेळ काढला, मुलांना जवळच्या कॉलेजांतले अभ्यासक्रम घ्यायला पाठवलं. माझं मत असं की इथे आवडीच्या तत्त्वाला मर्यादा आहे हे सरळ मान्य करावं. आवडीतून गणिताची गरज निर्माण होते: आपल्याला नर्सिंगला जायचंय आणि त्यासाठी औषधाच्या मात्रेचा हिशेब चुकून चालणार नाही, हे कळल्यावर मूल अपूर्णांकाला ज्या तडफेनं भिडतं ते मी वर्गात पाहिलेलं आहे. पण गरज कळणं वेगळं आणि पायऱ्या चढणं वेगळं. चढायला रोजचा सराव आणि गणित जाणणारा माणूस लागतो. आवड त्याची जागा घेत नाही.

परीक्षेच्या मापानं

मेट उघडली त्यानंतर सहा वर्षांनी, २००२ मध्ये, अमेरिकेत 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' हा कायदा आला आणि शाळेची किंमत भाषा-गणिताच्या परीक्षांवर ठरू लागली. १ मार्च २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी शाळागळतीवर एक भाषण केलं. एकेका मुलाकडे स्वतंत्र लक्ष देणारी शाळा म्हणून त्यात त्यांनी मेटचं नाव घेतलं. त्याच भाषणात त्यांनी सेंट्रल फॉल्स हायस्कूलचाही उल्लेख केला. हे गाव प्रॉव्हिडन्सपासून जवळच आहे. तिथले निकाल इतके खाली गेले होते की सगळ्याच शिक्षकांना काढून टाकायचा निर्णय झाला होता, आणि ओबामांनी त्या निर्णयाची बाजू घेतली. सेंट्रल फॉल्सच्या शिक्षकांना काही महिन्यांनी तडजोडीनंतर परत घेण्यात आलं. एकाच राज्यातल्या, एकाच तऱ्हेच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांच्या दोन शाळा: एकीचं मोल तिथल्या नात्यांवरून झालं, दुसरीचं परीक्षेच्या आकड्यावरून. त्याच आकड्यानं मेटचं गणित मोजलं असतं तर भाषणातलं कौतुक इतकं सोपं राहिलं नसतं. म्हणून आकडा खोटा, असं मी म्हणत नाही. पण चार वर्षं रोज शाळेत आलेलं मूल, जे दुसऱ्या शाळेत दहावीतच गळलं असतं, त्याची नोंद त्या आकड्यात कुठेच नसते.

दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला गेट्स फाउंडेशनच्या पैशानं मेटसारख्या शाळा, म्हणजे 'बिग पिक्चर' शाळा, देशात इतरत्र काढल्या गेल्या. एकूण छोट्या शाळांच्या मोहिमेवर फाउंडेशननं भरपूर खर्च केला होता. २००९ च्या वार्षिक पत्रात बिल गेट्स यांनी लिहिलं की त्यांतल्या अनेक शाळांनी मुलांच्या निकालांत म्हणावी तशी सुधारणा केली नाही. हा ठपका एकट्या मेटच्या धर्तीवर नव्हता. पण शाळा लहान केली की बाकीचं आपोआप होतं, ही समजूत मात्र त्यातून मोडली, आणि ती मोडणं चांगलंच झालं. लहानपण ही फक्त सोय आहे. त्या लहान जागेत एक माणूस मुलाला खरोखर ओळखतो की नाही, हा खरा प्रश्न.

आणि त्या माणसावरचा भार पाहा. सोळा मुलं, वर्षाला चार एक्झिबिशनं, म्हणजे चौसष्ट. प्रत्येकी तास. शिवाय चौसष्ट वेळा लिहायची वर्णनं, सोळा आराखडे, मेंटॉरच्या भेटी, घरभेटी, आणि कुणाचं कामाच्या जागी बिनसलं तर मध्यस्थी. थकून सोडून जाणारे अॅडव्हायझर ही या धर्तीच्या शाळांची कायमची अडचण आहे. गटाचा अॅडव्हायझर मध्येच गेला तर मुलांचं नुसतं वर्षाचं नुकसान होत नाही. आपल्याला ओळखणारं माणूस जातं. आमच्या वर्गात पासष्ट मुलं असायची, म्हणून हे वाचताना मला हेवाही वाटला आणि भीतीही. सोळा मुलांना इतकं जवळून ओळखायचं म्हणजे त्यांच्या घरची दुःखंही रोज सोबत घेऊन घरी जायचं.

मार्कांशिवाय कॉलेजात प्रवेश कसा, हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. सुरुवातीला मेटनं कॉलेजांशी एकेक करून बोलून वाट काढली. ऑस्ट्रेलियात हा प्रश्न जास्त पद्धतशीर सुटला. तिथल्या बिग पिक्चर शाळांसाठी मेलबर्न विद्यापीठाच्या मूल्यमापन-तज्ज्ञांबरोबर एक प्रमाणपत्र तयार झालं. त्यात मुलाच्या कामाचे नमुने आणि शिक्षकांचे निर्णय काटेकोर कसोट्यांवर तपासले जातात, आणि तिथली अनेक विद्यापीठं प्रवेशासाठी ते मानतात.

दहा आठवडे

मेटच्या बाबतीत मला सगळ्यांत जास्त शिकवून गेलेला भाग शाळा संपल्यानंतरचा आहे. बारावीच्या अखेरीस मुलांच्या हातात प्रवेशाची पत्रं होती, शिष्यवृत्तीचे कागद होते. आणि तरीही त्यांतली कितीतरी मुलं सप्टेंबरमध्ये ठरलेल्या कॉलेजात पोचत नव्हती. बॉस्टन कॉलेजच्या कॅरन आर्नल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिग पिक्चर शाळांतून बाहेर पडलेल्या मुलांचा माग काढला. मधल्या उन्हाळ्यात तिसऱ्या हिश्शाच्या आसपास मुलांचा बेत डळमळत होता: कुठे जायचं, आणि जायचं तरी का. अमेरिकेत याला 'समर मेल्ट' म्हणतात. आपला शब्द जास्त नेमका आहे. ही उन्हाळी गळती.

कारणं किरकोळ दिसतील. कॉलेजचं पहिलं बिल येतं आणि ते शिष्यवृत्तीच्या पत्राशी जुळत नाही. वसतिगृहाची अनामत भरायची असते. आरोग्य विम्याचा अर्ज अमुक तारखेपर्यंत, नाहीतर आणखी पैसे. घरी कुणीच कॉलेज पाहिलेलं नसतं, त्यामुळे विचारायचं कुणाला? आईला वाटतं, आत्ता दुकानात नोकरी मिळतेय ती धर, कॉलेजचं पुढच्या वर्षी बघू. चार वर्षं अशा प्रत्येक वळणावर मुलाजवळ अॅडव्हायझर होता. जूनमध्ये निरोप समारंभ झाला आणि तो सुटला. कॉलेजचं माणूस ऑगस्टच्या अखेरीस भेटणार. मधले दहा आठवडे मूल कुणाचंच नव्हतं.

मग प्रॉव्हिडन्सच्या बिग पिक्चर शाळांत एक प्रयोग झाला. बारावी संपलेल्यांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांना हायस्कूलच्या समुपदेशकांनी उन्हाळाभर आपणहून फोन केले, भेटी दिल्या, बिलं समोर ठेवून समजावली. ती मुलं लगेचच्या सत्रात कॉलेजात पोचण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा शंभरामागे १४ नं जास्त निघालं. बेन कॅसलमन, आर्नल्ड आणि कॅथरिन वॉर्टमन यांनी हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला, आणि पुढे कॅसलमन व इतरांनी देशभरच्या मोठ्या शहरांत याच गळतीवर काम वाढवलं.

मुलांची आवड त्या उन्हाळ्यात संपलेली नव्हती. आहारतज्ज्ञ व्हायची इच्छा जूनमध्ये होती तेवढीच जुलैमध्येही होती. गेला होता तो फोन करणारा माणूस.

लिट्की यांनी २००९ मध्ये 'कॉलेज अनबाउंड' सुरू केलं ते याच गळतीकडे पाहून. मेटची रीत, म्हणजे छोटा गट, एक सल्लागार, ज्याचं त्याचं खरं काम आणि त्यातून अभ्यास, ती कॉलेजपर्यंत न्यायची. २०२० पासून ते स्वतःची पदवी देणारं कॉलेज आहे. तिथे आज मुख्यतः नोकरी आणि संसार सांभाळणारी मोठी माणसं शिकतात. पूर्वी कधीतरी कॉलेज अर्धवट सोडलेली. आठवड्यातून एकदा संध्याकाळी गट भरतो. त्या संध्याकाळी जेवण तिथेच असतं, आणि शेजारच्या खोलीत त्यांची लहान मुलं सांभाळली जातात.